हया आणि हयात

परभणीपासून दहा-बारा किलोमीटरवर आमचं गाव आहे. तिथल्या ओढ्याच्या दोन्ही काठांना बेशरम माजलेली असते. भोंग्याच्या आकाराची फिकट जांभळी फुलं, पान तोडलं की पांढरा चीक. शेळ्या सहसा तिला तोंड लावत नाहीत आणि एखादीने लावलंच तर तिला बाधते. काडी मोडून चिखलात, उकिरड्यावर, दगडांच्या सांदीत कुठेही फेका, थोड्याच दिवसांत मूळ धरते. कितीही उपटली तरी पुन्हा येते, म्हणून बेशरम.

दोन वर्षांपूर्वी गावातल्या घराच्या बांधकामावर आझमगडकडचा एक गवंडी होता. परसाला कूड घालायला आम्ही बेशरमाच्या काड्या आणल्या. त्या उचलता उचलता तो म्हणाला, "हमारे यहाँ इसको बेहया बोलते हैं." बेशरम हा शब्द लहानपणापासून इतक्या वेळा कानावर पडला होता की त्यातली शरम मला कधी सुटी ऐकू आलीच नव्हती. बेहया मात्र कानाला नवा होता, म्हणून त्यातली हया वेगळी ऐकू आली, आणि तिच्या मागोमाग आपल्या रोजच्या ओळखीचा एक शब्द आला: हयात. हयात नसणे, हयातभर, हयातीचा दाखला. या दोघींचं काही नातं असेल का, या प्रश्नाने मला तेव्हापासून धरून ठेवलं आहे.

परभणीत आमच्या शेजारी एक आपा राहतात. उर्दू शाळेत तीस वर्षं शिकवून निवृत्त झाल्या आहेत. त्यांना विचारलं, शर्म आणि हया यांत फरक काय? तुमच्या मराठीत याचं उत्तर आहे की, असं म्हणून त्यांनी आपलीच म्हण मला ऐकवली: जनाची नाही, निदान मनाची तरी. शर्म जनाची, हया मनाची. शर्म बहुधा हातून काही घडून गेल्यावर येते, हया घडण्याआधी हात धरते. बोलताना उर्दूत दोन्ही शब्दांची सरमिसळ होते हे त्याही मान्य करतात. पण मुलांना शिकवताना त्या हीच खूण सांगत आल्या.

हया हा शब्द मूळचा अरबी. ह-य-य ही त्याची तीन अक्षरं. अरबीत बहुतेक शब्द असे तीन व्यंजनांच्या मुळावर उभे असतात आणि मुळाला स्वरांचे निरनिराळे साज चढवून एक अख्खं कुटुंब तयार होतं. या मुळाचं कुटुंब पाहावं तर ते सगळं जगण्याच्या बाजूचं आहे. हय म्हणजे जिवंत. हयात म्हणजे आयुष्य. तहिय्या म्हणजे अभिवादन. समोरच्याला दीर्घायुष्य चिंतण्यातून ते आलं, आपण आयुष्मान भव म्हणतो तसं. हयवान म्हणजे ज्याच्यात जीव आहे ते, म्हणून प्राणी. नवव्या शतकातल्या बसऱ्याच्या जाहिझचा प्राण्यांवरचा मोठा ग्रंथ याच नावाचा आहे. आपल्याकडे येता येता या शब्दाचा हैवान झाला आणि त्याच्यात नुसतं क्रौर्य उरलं. हिब्रूतही याच मुळाचा हय जिवंत या अर्थाने आहे, आणि बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात पहिल्या स्त्रीच्या नावाचा, हव्वेच्या नावाचा, अर्थ जीवनाशीच जोडला आहे.

याच मुळातून लाजेचा शब्द निघावा याचं मला फार नवल वाटलं. अरबी लिहिण्यात या शब्दाच्या शेवटी हमजा असतो, म्हणजे घशात आवाज किंचित अडवून शब्द तोडायचा. हमजा असला की ती लाज. हमजा नसलेला अगदी तसाच आणखी एक शब्द अरबीत आहे: हया, म्हणजे पाऊस. त्या पावसाने उगवलेल्या हिरवळीलाही तेच नाव. वाळवंटातल्या माणसाने पावसाला जीव म्हणावं हे सहज कळतं. मराठवाड्यात तर ते कुणी समजावून सांगायलाही नको. लाजेचं मात्र तसं नाही.

जुन्या अरबी विद्वानांनाही हा प्रश्न पडलेला होता आणि त्यांचं एकमत झालं नाही. इब्न फारिस हा कोशकार आजच्या तेहरानच्या कुशीतल्या रय शहरी इसवी सन १००४ मध्ये वारला. प्रत्येक मुळाचा पाया कोणता आणि त्यातून कोणते अर्थ फुटले, हे सांगणारा मोठा कोश त्याने रचला. या मुळापाशी येऊन तो थांबतो आणि पाये दोन आहेत असं सांगतो: एक मृत्यूच्या उलट असलेलं जगणं, दुसरा निर्लज्जपणाच्या उलट असलेली लाज. पाऊस त्याने पहिल्या खात्यात टाकला, लाज दुसऱ्या. दोन्ही खाती वेगळी ठेवली. साडेतीनशे वर्षांनी दमास्कसचा धर्मशास्त्री इब्न अल-कय्यिम (मृत्यू १३५०) नेमकं उलट म्हणतो. त्याच्या मते हया हयातीतूनच निघाली. ज्याचं मन जितकं जिवंत तितकी त्याला हया जास्त, आणि हया ओसरणं म्हणजे मनाला मरण येणं. पाऊसही त्याने याच ओघात घेतला.

एक व्याकरणाचा माणूस, दुसरा नीतीचा. शिस्त इब्न फारिसची आहे. दोन शब्द सारखे दिसतात एवढ्यावर त्यांना सख्खे ठरवणाऱ्यांनी व्युत्पत्तीत फार गोंधळ घालून ठेवला आहे, हे मराठीतही आपण पाहतो. तरी माझं मन इब्न अल-कय्यिमकडे ओढ घेतं, आणि त्याला कारण एक क्रियापद आहे.

इस्तह्या हे ते क्रियापद. त्याचा एक अर्थ लाजणे, दुसरा अर्थ जिवंत ठेवणे. कुराणाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात, सूरा कससमध्ये, हे दोन्ही अर्थ एकवीस आयतींच्या अंतराने येतात. चौथ्या आयतीत फिरऔन, म्हणजे इजिप्तचा राजा, इस्रायलच्या वंशजांचे मुलगे मारतो आणि बायकांना जिवंत ठेवतो. तिथे हे क्रियापद. पंचविसाव्या आयतीत त्याच फिरऔनाच्या तावडीतून निसटलेला मूसा, म्हणजे बायबलमधला मोशे, मदयनच्या विहिरीजवळ सावलीला बसला आहे. दोन मुलींच्या गुरांना त्याने नुकतंच पाणी पाजलंय. त्यांतली एक त्याला बोलवायला येते आणि तिची चाल सांगताना याच क्रियापदाचं नाम येतं: ती संकोचत चालत आली. पाठीमागे वाचवलेल्या बायका, पुढे संकोचाने येणारी मुलगी, आणि दोन्हीकडे एकच धातू. भाष्यकार पुढे असंही सांगतात की वडिलांकडे जाताना मूसाने तिला आपल्या मागून चालायला सांगितलं, म्हणजे आपली नजर तिच्यावर पडू नये. हया तिला होती तशी त्यालाही होती.

आणि इथेच मला या कुळकथेतली सगळ्यात मोलाची गोष्ट दिसते. या शब्दाच्या सुरुवातीच्या गोष्टी बहुतांशी पुरुषांच्या आहेत.

तेहेतिसाव्या अध्यायातली त्रेपन्नावी आयत घ्या. पैगंबरांच्या घरी जेवणाला पाहुणे आले आहेत. जेवणं उरकली तरी मंडळी उठत नाहीत, गप्पा रंगल्या आहेत. घरच्या माणसाला त्याचा त्रास होतो आहे, पण "आता निघा" असं म्हणवत नाही. त्या न म्हणवण्याला कुराणात शब्द आहे तो हयेचा. मराठीत याला नेमका शब्द भीड. आपल्याकडे भीडमुर्वत अशी जोडी म्हणतात, त्यातली मुर्वतही अरबीच आहे. याच आयतीत पुढे पैगंबरांच्या पत्नींकडे काही मागायचं असेल तर पडद्याआडून मागा असं सांगितलं आहे आणि त्या पडद्याला शब्द आला आहे हिजाब. हिजाबची आयत म्हणूनच ती ओळखली जाते. पण त्याच आयतीत हयेचा शब्द घरातल्या कर्त्या पुरुषाच्या भिडेसाठी आला आहे, याचा उल्लेख माझ्या कानावर फार क्वचित आला.

हदीसमधली, म्हणजे पैगंबरांच्या आठवणींच्या संग्रहातली, गोष्टही अशीच. मदिनेत एक माणूस आपल्या भावाची कानउघाडणी करत होता: इतका कसा भिडस्त तू, असाच राहिलास तर नुकसान होईल. पैगंबर तिथून जात होते. ते म्हणाले, त्याला राहू दे. हया हा ईमानाचाच, श्रद्धेचाच, भाग आहे. बुखारीच्या संग्रहात ही गोष्ट आहे. भिडस्त भाऊ आणि व्यवहारी भाऊ अशी ती जोडी. तसे दोन भाऊ आपल्याकडेही घरोघरी सापडतील. तिसरे खलीफा उस्मान यांची ख्याती तर हयेसाठीच आहे. आपांनी सांगितलं की खुतब्यात, म्हणजे मशिदीतल्या प्रवचनात, त्यांचं नाव घेताना हया आणि ईमान यांनी परिपूर्ण असं बिरुद लावतात.

कुराणातल्या शब्दांचा कोश करणाऱ्या राघिब इस्फहानीने हयेची जी व्याख्या केली तीत स्त्रीही नाही, पुरुषही नाही, वस्त्र तर नाहीच. वाईटापासून मनाने आक्रसून घेणं आणि ते सोडून देणं, एवढंच. आक्रसणं या अर्थाचा त्याचा शब्द मला फार आवडला. त्याच्याकडे पुन्हा येते.

सातव्या शतकात अरबांनी इराण जिंकला आणि पुढच्या दोन-तीनशे वर्षांत फारसी अरबी लिपीत लिहिली जाऊ लागली. हजारो अरबी शब्द तिने घेतले, त्यांत हया आली. येताना तिने शेवटचा हमजा टाकला, कारण घशात शब्द तोडण्याची फारसीला सवय नाही. सुरुवातीचा खोल घशातला ह सुद्धा साधा झाला, लिपीत तेवढा तो जुन्या रूपात राहिला. हमजा गेल्यावर लाज आणि पाऊस हे दोन शब्द लिहिताना एकसारखे दिसू लागले. इब्न फारिसने वेगळी केलेली खाती फारसी लेखणीने नकळत पुन्हा एकत्र केली.

फारसीकडे स्वतःचा शब्द नव्हता असं नाही. शर्म हा अस्सल इराणी; मध्य फारसीत तो आहे, त्याच्या मागे अवेस्तातही आहे. नवा शब्द आला म्हणून फारसीने जुना काढला नाही, दोघांना शेजारी बसवलं: शर्म-ओ-हया. उर्दूने ही जोडी जशीच्या तशी उचलली. मराठीने हेच आपल्या पद्धतीने केलं. आपल्या घरची लाज, लज्जेपासून आलेली, आणि फारसीतून आलेली शरम: लाजशरम. मानमरातब, धनदौलत हे शब्दही असेच झाले. फारसीत घरची होती ती शरम आपल्याकडे पाहुणी झाली. हया मात्र रोजच्या मराठीच्या उंबऱ्याशीच राहिली. दफ्तरातून, सनदांतून, इनामांच्या कागदांतून हयात आली, कारण इनाम कुणाच्या हयातीपर्यंत चालायचं हे लिहावं लागे. हयेचं दफ्तरात काही काम नव्हतं. नांदेड, परभणी, बीडकडच्या दखनी बोलणाऱ्या घरांत ती तेवढी रोज ऐकू येते.

फारसीत लाजेचा आणि पाण्याचा आणखी एक संबंध आहे आणि तो आपण रोज वापरतो. आब म्हणजे पाणी, रू म्हणजे चेहरा; आबरू म्हणजे चेहऱ्यावरचं पाणी. तीच आपली अब्रू. आ चा अ करून आपण तिला फारसीतल्या भुवईसारखं, अब्रूसारखं, केलं. ती भुवई म्हणजे संस्कृतातल्या भ्रूची बहीण. कोर्टातली अब्रूनुकसानी म्हणजे अक्षरशः चेहऱ्यावरच्या पाण्याची नुकसानी. उर्दूत हया डोळ्यांत राहते आणि ती गेली की डोळ्यांतलं पाणी मेलं असं म्हणतात. तुमच्या डोळ्यांतलं पाणी मेलंय का, असं आपा वर्गात कॉपी करणाऱ्या मुलांना विचारायच्या. पाणी मरतं, हा वाक्प्रचार उच्चारताना बोलणारा इब्न अल-कय्यिमच्या बाजूने साक्ष देत असतो.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तर हिंदुस्थानात मुलींसाठी उर्दू पुस्तकं लिहिली जाऊ लागली. डेप्युटी नझीर अहमद यांची १८६९ सालची मिरात-उल-उरूस ही कादंबरी त्यांतली सर्वांत गाजलेली. या लिखाणाने मुलींच्या हातात पुस्तक दिलं, हे त्याचं ऋण मोठं आहे. पण चांगली मुलगी कशी असते हे सांगता सांगता हयेचं ठिकाण हळूहळू मुलींच्या झुकल्या नजरेत आणि ओढणीच्या टोकाला ठरून गेलं, असं मला वाटतं. भिडस्त भावाची गोष्ट मशिदीत राहिली, घरात हया मुलीला शिकवायची गोष्ट झाली. आजही हया हे नाव मुलीचंच ठेवतात.

पुढे हा शब्द फलकांवर चढला. पाकिस्तानात जमात-ए-इस्लामी आणि तिच्या विद्यार्थ्यांची संघटना १४ फेब्रुवारीला व्हॅलेंटाइन दिवसाला उत्तर म्हणून हया दिवस पाळतात. २०१८ पासून ८ मार्चला तिथल्या शहरांत बायकांचा औरत मार्च निघू लागला, आणि २०२० साली इस्लामाबादेत त्याच्या समोर हया मार्च उभा राहिला. त्या दिवशी दगडफेक झाली. जे मन वाईटापासून आक्रसून घेतं त्याचं नाव घेऊन निघालेल्या मोर्चाच्या बाजूने दगड यावेत, याचं मला दुःख झालं. त्या बायकांच्या घोषणा कुणाला पटोत न पटोत. शब्द जपायचा तर आधी आपल्या हाताला जपावं लागतं.

तरी बोलणाऱ्यांच्या तोंडी शब्दाचा जुना जीव शिल्लक आहे. एप्रिल २०१५ मध्ये पाकिस्तानच्या संसदेत इम्रान खान यांच्या पक्षाचे खासदार कित्येक महिन्यांपूर्वी राजीनामे देऊनही परत येऊन बसले, तेव्हा संरक्षणमंत्री ख्वाजा आसिफ त्यांच्यावर कडाडले: कोई शर्म होती है, कोई हया होती है. ते वाक्य घरोघरी गेलं. इराणच्या फुटबॉल मैदानांवर हरणाऱ्या संघाच्या प्रशिक्षकाला उद्देशून प्रेक्षक एक यमक वर्षानुवर्षं ओरडत आले आहेत: हया कर आणि पद सोड. फारसीत हया कोन, रहा कोन. निदर्शनांतही ती घोषणा सत्ताधाऱ्यांकडे वळते. हे सगळे खुर्चीवरचे पुरुष. चिडलेल्या गर्दीला शब्दाचं मूळ ठाऊक नसतं, पण ती त्याला बरोबर ठिकाणी नेऊन ठेवते.

आता त्या आक्रसण्याकडे. आमच्या अंगणात कुंडीत लाजाळू आहे. अरबीत लाजाळूला मुस्तहिया म्हणतात, म्हणजे त्याच इस्तह्या क्रियापदापासून आलेली, हया वाटणारी. शास्त्रीय लॅटिन नावातही तिला लज्जाशीलच म्हटलं आहे. पानाला बोट लावलं की देठाच्या बुडाशी असलेल्या फुगीर सांध्यातल्या पेशींमधून पाणी झपाट्याने बाहेर पडतं, एका बाजूचा ताण जातो आणि पान मिटतं. पुन्हा पाणी भरलं की उघडतं. वाळलेल्या पानाला कितीही हात लावा, ते मिटत नाही. मिटायला जीव लागतो. इब्न अल-कय्यिमला दाखवायला हवी होती, पण हे रोप मूळचं अमेरिका खंडातलं, त्याच्या काळी दमास्कसला ते असणं शक्य नव्हतं.

बेहयाही अमेरिका खंडातूनच आलेली. आणि ती माझ्या मताला आडवी येते. जिला हया नाही म्हणून नाव ठेवलं, तिच्याइतकी चिवट हयात ओढ्यावरच्या दुसऱ्या कशातच नाही. तोडा, फेका, तुडवा, ती जगते. इब्न फारिसला ही काडी पुरावा म्हणून चालली असती: बघा, जगणं वेगळं, लाज वेगळी. त्याचं म्हणणं खोडून काढायला माझ्याजवळ उत्तर नाही. आपांना हे सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, तिला बेहया माणसांनी म्हटलंय, तिने कुणाचं काय वाईट केलं?

गेल्या नोव्हेंबरात बाबांना घेऊन हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेले होते. बाबा ८४ वर्षांचे आहेत. अलीकडे हा दाखला बोटाच्या ठशावर यंत्रातून होतो, पण आयुष्यभर खडू धरलेली त्यांची बोटं गुळगुळीत झाली आहेत. अंगठा लागेना, मग तर्जनी, मग डावा हात. मागे रांग वाढत होती. दर वेळी यंत्र नाही म्हणालं की बाबा मागे वळून रांगेकडे पाहायचे आणि मान खाली घालायचे, जणू दाखला मिळत नाही ही त्यांचीच चूक. शेवटी ते खिडकीतल्या मुलीला हळूच म्हणाले, "राहू दे बाई, या लोकांचं आधी कर. मी थांबतो." ती मुलगी क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिली. मग उठून बाहेर आली, आपली खुर्ची त्यांच्यासाठी ओढली आणि म्हणाली, "आजोबा, बसा. आपण कागदावर करू." बाबा त्या खुर्चीच्या अगदी कडेला टेकले आणि तिने पुढे केलेल्या कागदावर, थरथरत्या पण गोल अक्षरात, सही केली.